खळ्यावरची पायली स्पॅनिशच्या वर्गात

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे आणि मला हेवा वाटतो. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू असं पहिल्याच वाक्यात कबूल करत नाहीत. त्या आधी जन्म सांगतात, मग उपकार सांगतात आणि शेवटी डोळे पुसतात. मीही ते सगळं सांगणार आहेच. पण ही जळजळ आधीच सांगून टाकलेली बरी. नाहीतर पुढे मी कुणाबद्दल वाकडं बोलले, तर तुम्ही भोळेपणाने ते खरं मानाल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पायली पाहिलीही नसेल. धान्य मोजायचं गोल, उभं माप म्हणजे मी. माझ्या पोटात चार शेर धान्य मावतं. पारशिवनीच्या एका सुताराने मला सागाच्या ओंडक्यातून कोरून काढलं आणि लोहाराने माझ्या तोंडाला नि कमरेला लोखंडी पट्ट्या ठोकल्या. फार दुखलं. पण दागिन्यासाठी माणसंही कान टोचून घेतातच की, असं म्हणून मी सोसलं. चंद्रभान नावाच्या शेतकऱ्याने मला घरी नेलं आणि त्याच्या नव्या नवरीच्या, भागीरथाच्या हातात दिलं. चंद्रभानचं लक्ष मोजताना भलतीकडे जायचं. भागीरथाचं कधी गेलं नाही. तीस वर्षं तिने माझ्याने धान मोजलं, तूर मोजली, मजुरांची मजुरी मोजली. हातचं राखून तिने कधी माप टाकलं नाही. "भागीरथाची पायली" असं म्हटलं की समोरचा माणूस पुन्हा मोजून घेत नसे. एवढा मान मी मिळवला होता.

मग घरात वजनकाटा आला. पोळपाटाएवढा जीव, अंगावर लाल आकडे. त्याच्यावर पोतं ठेवलं की तो आपला आकडा दाखवून मोकळा. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्या पोटात पहिल्यांदा जळलं ते त्या दिवशी. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावलं. नऊ वर्षं झाली तरी त्याचे दिवस संपले नाहीत.

पुढे चंद्रभान वारला, शेती बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दुसऱ्याला दिली गेली आणि भागीरथा आपल्या मुलाकडे, सुशीलकडे नागपूरला राहायला आली. बेसा भागात त्याचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. सामान उतरवताना सुशील मला हातात घेऊन म्हणाला, "आई, हे कायले आनलं? याच्यात एखादं झाड लावून टाकू." भागीरथाने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्यात चिंचोके भरून ठेवले. झाडापेक्षा चिंचोके बरे, पण मला काम नव्हतं. बाल्कनीत बसून मी समोरच्या इमारतीवर चढणाऱ्या विटा मोजायची.

आता माझ्या आयुष्यातली खरी गोष्ट ऐका.

भागीरथाची मुलगी कामिनी आणि जावई अपूर्व दोघंही नोकरीसाठी मेक्सिकोत राहतात. कामिनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण आईने करायचं ही आपली रीत, त्यामुळे भागीरथाने डिंक-मेथीची तयारीही मनात सुरू केली. पण अपूर्वला काळजी. तिकडे दवाखान्यात, दुकानात, शेजारीपाजारी सगळे स्पॅनिश बोलतात. तो आणि कामिनी कामावर असताना घरातल्या बाईला निदान मजल्याचा नंबर सांगता यावा, शेजारणीला नमस्कार करता यावा. घरात पाहुण्याची खोली एकच. म्हणून त्याने तोडगा काढला. त्याची आई यमुताई आणि सासू भागीरथा, दोघींनी स्पॅनिशचे आकडे नि नमस्कार-चमत्कार शिकावे. जिला आधी जमेल तिने बाळंतपणाला यावं, दुसरीने तीन महिन्यांनी. मुलगा हुशार, पण दोन विहिणींना एका वर्गात बसवू नये एवढं शहाणपण काही त्याच्याकडे नव्हतं.

गणपती उठले आणि वर्ग सुरू झाला. आमच्याच इमारतीत राहणारी चिन्मयी आपल्या घरी स्पॅनिश शिकवते. तिच्याकडे कंपनीत काम करणारी चार तरुण मुलं यायची, त्यांत या दोन विहिणी जाऊन बसल्या. यमुताई धंतोलीहून स्कूटरने यायच्या. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, अक्षर मोत्यासारखं, पाठांतर त्याहून चांगलं. भागीरथा शाळेत चौथीपर्यंत गेलेली.

दुसऱ्याच दिवशी चिन्मयीने सांगितलं की येताना घरून मोजायला काहीतरी आणा, आपण उनो, दोस, त्रेस मोजत शिकू. मित्रांनो, भागीरथाने बाल्कनीत येऊन मला उचललं तेव्हा माझ्या पट्ट्या सैल व्हायच्या बाकी होत्या. इतक्या वर्षांनी मोजायला बोलावणं! पदराने पुसून तिने मला कडेवर घेतलं आणि आम्ही लिफ्टने खाली गेलो.

वर्गात मला पाहून मुलं गालात हसली. यमुताई म्हणाल्या, "अहो विहीणबाई, इथे ज्वारी विकायची नाहीये."

"तुमी काय आनलं ते दाखवा ना," भागीरथा म्हणाली.

यमुताईंनी पर्समधून टॅब काढला. लाल कव्हर, काचेसारखं गुळगुळीत तोंड. अपूर्वने वाढदिवसाला पाठवलेला. त्यांनी बोट लावताच तो बाईच्या आवाजात स्पॅनिश बोलला. बरोबर उत्तर दिलं की 'टिंग' वाजवायचा आणि सोनेरी चांदण्या उधळायचा. सगळी मुलं माना लांब करून बघू लागली. मी चिंचोक्यांनी भरलेली, मुकी, टेबलाच्या कडेला. असले डबे बाजारात पायलीचे पन्नास मिळतात, असं मी मनात म्हटलं. पण मनातल्या मनात म्हटलेलं कुणाला ऐकू जातं?

चिन्मयी मात्र मला पाहून खूश झाली. "काकू, हे फार छान आहे. एकेक चिंचोका काढा आणि मोजा. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको."

भागीरथाने माझ्यात हात घातला, पहिला चिंचोका टेबलावर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ. दोस. त्रेस. क्वात्रो."

"काकू, उनो."

"हाव. उनो." पुन्हा हात आत गेला. "लाभ. दोस."

मुलं खो-खो हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळेना. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. घरात बरकत राहावी म्हणून. तीस वर्षं माझ्या काठाला हात लागला की तिच्या तोंडून हाच शब्द निघाला होता. भाषा बदलली म्हणून हाताची सवय कशी बदलणार? पंधरा दिवस असंच चाललं. टॅब समोर ठेवून यमुताई वीसपर्यंत गेल्या, तीसपर्यंत गेल्या, त्यांच्या चांदण्या उधळून उधळून संपेनात. भागीरथा दर वेळी पहिल्याच पायरीवर ठेचकाळायची.

शेवटी चिन्मयी हळूच म्हणाली, "काकू, काही दिवस पायली बाजूला ठेवूया का? तुम्ही दोघी मिळून टॅबवर करा." आणि तिने मला उचलून खिडकीत ठेवलं.

त्या खिडकीतून मी जे पाहिलं ते कोणत्याही पायलीने पाहू नये. माझी भागीरथा त्या लाल कव्हरवर वाकलेली! ज्या बोटांनी माझ्या तोंडावरचं धान्य सारखं केलं, ती बोटं त्याच्या काचेवरून फिरत होती. माझा अगदी तिळपापड झाला. कमरेची पट्टी तुटून त्याच्या अंगावर पडावी असंही मनात येऊन गेलं.

पण टॅबवर तिचा हात चालेना. तिच्या राकट बोटाला काच दाद देत नव्हती. एकदा दाबलं तर दोनदा लागायचं. उत्तर बरोबर असूनही लाल फुली यायची. पहिली फुली आली तेव्हा, मित्रांनो, मला आनंद झाला. दुसरीला त्याहून जास्त झाला. बरी खोड मोडली, म्हटलं. घ्या आता चांदण्या!

आठवडाभर मी असा आनंद भोगला. मग एका संध्याकाळी वर्ग सुटला, यमुताई नि मुलं निघून गेली, तरी भागीरथा उठली नाही.

"काहून बसल्या, काकू? बरं वाटत नाहीये का?" चिन्मयीने विचारलं.

"मले नाही जमत, पोरी. विहीनबाईलेच जाऊ दे." आवाज नेहमीचाच होता, पण पदर डोळ्यांशी गेला होता. "कामिनीले लहानपनापासून दुखनं सोसत नाही वं. साधा काटा रुतला तरी मले हाक मारे. आता तिकडं ती हाक मारन, आन मी इथं टीव्ही पाहून राहिली असन."

माझ्या पोटातले चिंचोके एकदम जड झाले. ज्या फुल्यांवर मी टाळ्या पिटत होते, त्यातली प्रत्येक फुली तिला लेकीपासून एक पाऊल दूर नेत होती. हे मला दिसत नव्हतं असं नाही. मला पाहायचं नव्हतं. मापाने असं वागू नये. मला माझी लाज वाटली.

 चिन्मयी उठली, तिने खिडकीतून मला उचललं आणि भागीरथाच्या मांडीवर ठेवलं. "काकू, तुम्ही लाभ म्हणणं सोडूच नका. फक्त मनात म्हणा. आधी मनात लाभ, मग तोंडाने उनो."

"मनात म्हनलेलं चालते काय?"

"बरकत काय फक्त कानाने ऐकते?"

भागीरथाने माझ्यात हात घातला. तिचे ओठ नुसते हलले. मग म्हणाली, "उनो." आणि मग दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, न्वेवे, दिएस. दहा चिंचोके ओळीत उभे राहिले. तिने ते परत माझ्यात टाकले आणि पुन्हा काढले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी मोजत होतो. नमस्कारही त्याच बैठकीत झाले. एक चिंचोका काढायचा, एक नमस्कार म्हणायचा. सकाळी ब्वेनोस दियास, दुपारी ब्वेनास तार्देस, दिवेलागणीनंतर ब्वेनास नोचेस. कशा आहात याला कोमो एस्ता, आणि आभाराला ग्रासियास.

दिवाळीनंतरच्या रविवारी परीक्षा ठरली. कामिनीची शेजारीण रोसारियो नावाची म्हातारी बाई होती. अडीअडचणीला तीच धावून येणार होती. तिच्याशीच व्हिडिओवर बोलायचं. तिकडे मोठ्या बाईला नावाआधी 'दोन्या' लावतात, आपण 'ताई', 'बाई' म्हणतो तसं. सकाळी आठला चिन्मयीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन्या रोसारियो खुर्चीत बसलेल्या, मागे कामिनी उभी. यमुताई नवी साडी नेसून पुढे बसल्या, टॅब मांडीवर. भागीरथा मागच्या खुर्चीवर, मी तिच्या मांडीवर.

यमुताईंनी हात जोडून स्वच्छ उच्चारात म्हटलं, "ब्वेनोस दियास, दोन्या रोसारियो!"

दोन्या रोसारियोंनी मान वळवून आपल्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर काळोख होता. त्या प्रेमळपणे हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. यमुताईंना काय चुकलं तेच कळेना. त्यांनी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, शंभरपर्यंत आकडे म्हटले, एकही चुकला नाही. पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग भागीरथा पुढे सरकली. "ब्वेनास नोचेस, दोन्या रोसारियो. कोमो एस्ता?" आणि स्पॅनिश संपली तिथे तिने मराठी जोडली, "जेवन झालं का?"

चिन्मयीने त्याचं स्पॅनिश करून सांगितलं. दोन्या रोसारियोंनी हसत हसत बाजूची ताटली उचलून दाखवली. मग आकडे. भागीरथाने माझ्यात हात घातला आणि थांबली. ओठ हलले, आवाज नाही. यमुताईंना वाटलं, अडली. त्या किंचित पुढे झुकल्या. मला त्यांचा चेहरा समोरून दिसत होता, त्यावर काय होतं ते मी बरोबर ओळखलं. आठवडाभर मीही तेच भोगलं होतं. मग भागीरथा म्हणाली, "उनो," आणि वीसपर्यंत न थांबता गेली. वीसच येत होते तिला.

"आई," पडद्यावरून कामिनी म्हणाली, "आमच्याकडे रात्र आहे हे तुला चिन्मयीने सांगितलं का?"

"ते कायले सांगन? मी रोज याच टायमाले तुले फोन करते, तवा तू दिवा लावून बसली रायते. म्हनून नोचेस म्हनलं."

 पडद्यावर कामिनीने ओढणी डोळ्यांना लावली. शेवटी यमुताईंनीच टॅब बंद केला आणि म्हणाल्या, "कामिनी, आईच येऊ देत. पहिलं बाळंतपण आहे." बोलणं मोठ्या मनाचं होतं. ओठ मात्र घट्ट मिटलेले होते आणि चहा न घेताच त्या निघून गेल्या.

मित्रांनो, मी जिंकले होते! मी मनात मेक्सिकोला पोचलेही होते. जायच्या दिवशी भागीरथाने मला खरोखरच बॅगेत ठेवलं, डिंकाच्या लाडवांच्या शेजारी, साडीत गुंडाळून. सुशीलने बॅग काट्यावर ठेवली. तोच तो, लाल आकड्यांचा वंश. आकडा दीड किलो जास्त निघाला.

"लाडू काढू का पायली?" सुशीलने विचारलं.

बाळंतिणीचे लाडू कोण काढेल? भागीरथाने मला बाहेर काढलं. काट्याने मला दुसऱ्यांदा हरवलं.

तेवढ्यात दारात यमुताई आल्या. हातात लाल कव्हरचा टॅब. "हा न्या सोबत, विहीणबाई. विमानतळावर बोलायची वेळ आली तर हा बोलून दाखवेल. चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवा. आणि हरवू नका, अपूर्वने दिलेला आहे."

 भागीरथाने मला उचलून त्यांच्या हातांत दिलं. "आन हे तुमी ठेवा. तीन मयन्यानं तुमचा नंबर हाय. तवरी सराव सोडू नका."

अशी अदलाबदल झाली. टॅब विमानात बसला. मी स्कूटरवर यमुताईंच्या पायाशी, पिशवीत, धंतोलीला गेले. इतका हेवा मी आयुष्यात कधी केला नव्हता. भागीरथाच्या हातात तो, दवाखान्यात तो, बाळाचं पहिलं तोंड पाहणार तो. आणि मी यमुताईंच्या फ्रिजवर, भरतकामाच्या रुमालाखाली. भागीरथाने मला दिलं याचा तिच्यावरही राग आला. जिच्यासाठी मी इतकं केलं तिने मला शत्रूच्या घरी ठेवलं, असं मी दिवसरात्र घोकत होते.

जानेवारीत फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. यमुताई फोनवर भरभरून बोलल्या. "तुम्ही होतात म्हणून, विहीणबाई," असंही म्हणाल्या. मग त्या संत्रा बर्फीचे दोन मोठे खोके घेऊन आल्या आणि इमारतीत घरोघर फिरल्या. प्रत्येक दारात हसल्या, प्रत्येकाला फोटो दाखवला. फोटोत बाळ भागीरथाच्या मांडीवर होतं. खोके रिकामे झाले तेव्हा दुपार टळली होती, आणि त्यांनी स्वतः एक तुकडाही खाल्ला नव्हता.

दार लावून त्या स्वयंपाकघरात आल्या. रुमाल बाजूला करून त्यांनी मला खाली उतरवलं आणि मांडीवर घेऊन त्या जमिनीवर बसल्या. माझ्यात हात घातला. त्यांचा हात मऊ, भांबावलेला, चिंचोके बोटांतून निसटत होते. "उनो," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. शंभरपर्यंत न चुकता म्हणणारी ही बाई दुसऱ्या आकड्यावर येईना.

"मलाही तिथे असायचं होतं गं," त्या मला म्हणाल्या.

इतक्या वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. भागीरथा माझ्यात मोजायची, माझ्याशी बोलायची नाही. मी या बाईला शत्रू मानत होते, आणि तिच्या पोटात तेच होतं जे माझ्या पोटात होतं. ती बराच वेळ रडली. मी तिच्या मांडीवर होते, एवढंच मला करता आलं. मग तिने डोळे पुसले, चिंचोके गोळा केले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. आता रोज दुपारी आम्ही मोजतो. एप्रिलमध्ये तिचा नंबर आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी पायली असेल तर तिला अडगळीत टाकू नका. तिच्यात झाड लावायचं तर लावा, बटणं ठेवायची तर ठेवा, मी तक्रार करणार नाही. आमच्यासारख्यांना कुणाचा तरी हात लागत राहिला की पुरे. माझं खरं मागणं मात्र वेगळं आहे. कुणाच्या घरी आनंदाची बातमी येईल, कुणी हसत हसत तुमच्या दारात बर्फी घेऊन येईल. ती घेऊन लगेच दार लावू नका. त्याच खोक्यातला एक तुकडा उचला आणि वाटणाऱ्याच्या हातावर ठेवा.